“दादा, आता आयटीत अर्थ आहे का?” – पावसच्या एका मुलाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा पावसजवळचा, रत्नागिरीत बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला, घरी हापूसची दीडशे कलमं. वडील म्हणतात मुंबईला जा नाहीतर बाग बघ, मधेच लटकू नको. त्याने लिहिलंय, “दादा, टीसीएसने बारा हजार लोक काढले, एआय कोड लिहितो, आमच्या कॉलेजला कंपन्या फारशा येत नाहीत, पुण्यातला एक क्लास साठ हजारात जॉब गॅरंटी देतो म्हणतोय. तो करू का, की आयटीचा नादच सोडू?”

नाद सोडू नकोस आणि साठ हजार भरू नकोस. आता का ते सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बस.

मी देवगड तालुक्यातला. सतरा वर्षं या कामात झाली, आधी ऐरोलीला, मग पुण्याला, आणि २०२० च्या लॉकडाऊनमधे गावी आलो तो इथूनच काम करतोय. त्यातली आठ-नऊ वर्षं फ्रेशरचे इंटरव्ह्यू पण घेतोय, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूला बसलेला माणूस काय बघत असतो हे मी तुला सांगू शकतो.

आधी बातम्यांचं बोलू, कारण तुझी झोप त्यांनीच उडवलीय. टीसीएसची बातमी जुलै २०२५ ची, आकडा खरा आहे, कंपनीने स्वतःच सांगितलेला. पण त्याच बातमीत पुढे लिहिलं होतं की हे एकूण माणसांच्या दोन टक्के, आणि त्यातले बहुतेक मधल्या आणि वरच्या हुद्द्यावरचे. म्हंजे माझ्या वयाची माणसं, ज्यांच्या घराचे हप्ते चालू आहेत, मुलं शाळेत आहेत. मला ती बातमी वाचून पोटात गोळा आला होता, कारण तसल्या हुद्द्यांवर माझे मित्र आहेत. तू त्यात बसत नाहीस. तुझी अडचण वेगळी आहे आणि ती २०२५ ला सुरू नाही झाली. कोविडनंतर सगळ्यांनाच एकदम सॉफ्टवेअर हवं झालं, आणि २०२१-२२ या आर्थिक वर्षात एकट्या टीसीएसने लाखभर फ्रेशर घेतले, इन्फोसिसने ८५ हजार. कलमाला एखाद्या वर्षी फांदी वाकेपर्यंत आंबा लागतो आणि पुढच्या वर्षी ते कलम नुसतं पालवी दाखवत बसतं, तुझ्या बाबांना हे मी सांगायला नको. तसंच झालं. पुढच्या दोन वर्षांत कामं आटली, ऑफर लेटर हातात घेऊन वर्ष-दीड वर्ष जॉइनिंगच्या तारखेची वाट बघणारी मुलं मी स्वतः बघितलीत, त्यातल्या एकाने तोवर कणकवलीला मोबाईलच्या दुकानात काम केलं. आणि चॅटजीपीटी लोकांसमोर आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला, तेव्हा ते जेमतेम रांगत होतं. म्हणून ‘एआयने भरती खाल्ली’ हे जे सगळे म्हणतात ते अर्धंच खरं आहे.

अर्धं खरं आहे मात्र, ते लपवून तुझं भलं होणार नाही. मी रोज एआय वापरतो. ज्या कामासाठी पूर्वी आम्ही नवीन मुलाला दोन-तीन दिवस द्यायचो, एखादा साधा फॉर्म, एका फाइलमधला डेटा दुसऱ्या फाइलमधे नेणारी स्क्रिप्ट, टेस्ट केसेस लिहिणं, ते आता मी दुपारच्या जेवणाआधी उरकतो. ती कामं म्हंजे नवीन पोरांची पहिली शिडी होती आणि तिच्या खालच्या दोन पायऱ्या काढून घेतल्यासारखं झालंय, याचं मला वाईट वाटतं, कारण मी त्याच पायऱ्यांवरून चढलो. त्यामुळे जागा कमी झाल्यात हे धरूनच चालायचं. पण जो कोड एआय देतो तो चालवायचा कुणी, रात्री अडीचला मोडला तर कुठे मोडला हे शोधायचं कुणी, हे काम कमी झालेलं मला तरी दिसत नाहीये. उलट न वाचता चिकटवलेला कोड वाढलाय आणि त्याच्या मागून निस्तरणं वाढलंय.

एच-वन-बीची, म्हंजे अमेरिकेत काम करायच्या व्हिसाची बातमी पण तू विचारलीस, ते एक लाख डॉलर फीचं, सप्टेंबर २०२५ चं. तुझ्याशी आज तिचा काही संबंध नाही. पुढे जाऊ.

आता नोकरी कशी मिळते. मी एकच इंटरव्ह्यू सांगतो, माझं म्हणणं त्यात सगळं येतं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोन जागांसाठी वीस-बावीस मुलं बघितली. बहुतेकांच्या रेझ्युमेवर तेच ते, चेहरा ओळखून हजेरी, हॉस्पिटल मॅनेजमेंट, लायब्ररी मॅनेजमेंट. मी विचारायचो, तुझ्या हॉस्पिटलमधे एकाच नावाचे दोन पेशंट आले तर काय होतं? गप्प. कारण त्या हॉस्पिटलात कधी पेशंट आलाच नव्हता, प्रोजेक्ट विकत घेतलेला किंवा सिनियरचा. मग वेंगुर्ल्याकडची एक मुलगी आली, मार्क साधारण, इंग्रजी अडखळत. तिने घरच्या आंब्याच्या पेट्यांचा हिशोब ठेवायला एक छोटं ॲप बनवलेलं. किती पेट्या कुठल्या गाडीने वाशीला गेल्या, दलालाची पट्टी, म्हंजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, काय आली, त्यात भाव काय लागला, हमाली आणि गाडीभाडं किती कापलं, मोसमाच्या आधी घेतलेली उचल किती फिटली. दिसायला अगदी साधं होतं. पण वडिलांनी ते एक अख्खा मोसम वापरलं होतं.

मी विचारलं, काय काय मोडलं? आणि ती सुरू झाली ती वीस मिनिटं थांबलीच नाही. बागेत रेंज नाही, वडील सेव्ह दाबायचे, चक्र फिरत राहायचं, ते परत दाबायचे, आणि एकाच गाडीच्या दोन नोंदी पडायच्या. मेच्या शेवटी वडिलांनी वही काढली आणि म्हणाले, “आमी पेट्यो धाडल्यो तीनशे साठ, तुज्या कंप्युटरात तीनशे ब्याण्णव कश्यो इल्यो?” तिने आधी काय केलं, एकदा दाबलं की बटण बंद. तरी दुबार नोंदी येतच राहिल्या, कारण वडील ॲप बंद करून परत उघडायचे. मग दोन दिवस डोकं खाजवून तिने असं केलं की नोंद लिहितानाच फोनवर तिला एक नंबर पडेल, तो फोनमधेच जपून ठेवला जाईल, आणि तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर म्हणेल ‘हे माझ्याकडे आहे’ आणि नवीन नोंद करणार नाही. या युक्तीला आमच्या धंद्यात आयडेम्पोटन्सी म्हणतात, तिला तो शब्दसुद्धा माहीत नव्हता. मी त्याच क्षणी तिच्या नावापुढे टिक केली. आज ती माझ्याच टीममधे आहे आणि पेमेंटचा भाग सांभाळते.

हे लक्षात ठेव, कारण आता बातम्या कशा वाचायच्या ते सांगतो आणि ते याच्याशीच जोडलेलं आहे. १२ एप्रिल २०२५, शनिवार. आमच्याकडे ऐन आंब्याचा मोसम, सुट्टीचे पर्यटक आलेले, माझ्या चुलतभावाचा रस्त्याकडेला स्टॉल असतो तिथे मी बसलो होतो. दुपारी यूपीआय बंद पडलं. देशभर. लोक पेटी हातात घेऊन उभे, फोनवर चक्र फिरतंय, पैसे गेले की नाही कळत नाही, कुणी परत स्कॅन करतंय, कुणी भावावर चिडतंय. त्या दिवशी सगळ्यांनी बातमी वाचली की यूपीआय बंद. नंतर एनपीसीआयने, म्हंजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, कारण सांगितलं ते किती जणांनी वाचलं? कारण असं होतं की काही बँकांकडून ‘त्या व्यवहाराचं काय झालं’ असं विचारणाऱ्या चौकश्यांचा मारा झाला, जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा परत परत, आणि त्या चौकश्यांच्या ओझ्याखाली मूळ काम दबलं. नंतर एनपीसीआयने अशा चौकश्या किती आणि किती वेळाने करायच्या यावर मर्यादा घातली.

बघ आता. वेंगुर्ल्याच्या बागेत सेव्हचं बटण परत परत दाबणारा बाप, आणि देशाची पेमेंट यंत्रणा दमवणाऱ्या बँका, दोन्हीकडे उत्तर येत नाही म्हणून परत विचारणं हेच आहे. जी मुलगी घरच्या पट्टीवर हे भोगून आली तिला यूपीआयची बातमी आतून कळते. इंटरव्ह्यूमधे मी हल्ली हाच विषय काढतो. “यूपीआय बंद पडलं होतं ना तेव्हा, का पडलं?” कुणी म्हणतं सर्व्हर डाऊन, कुणी म्हणतं हॅक झालं. कुणी म्हणालं की नक्की नाही माहीत सर, पण पैसे अडकले की सगळेच परत परत ट्राय करतात त्यामुळे लोड वाढत असेल, तर त्या मुलाकडे मी खुर्ची सरकवून नीट बघतो.

अजून एक बातमी सांगतो, ती तर मला पाठ आहे. मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक इंजिनियर, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा. त्याच्या लक्षात आलं की त्याच्या मशीनवर एसएसएचने, म्हंजे लांबून दुसऱ्या मशीनमधे शिरायच्या सोयीने, लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण काय केलं असतं, काही नाही. तो खणत गेला आणि शेवटी सापडलं काय, तर लिनक्समधे सर्रास वापरली जाणारी एक्सझेड नावाची, फाइल दाबून छोटी करायची लायब्ररी (तयार कोडचा संच), तिच्यात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ज्याने बसवला तो ‘जिया टॅन’ या नावाने दोन वर्षांहून जास्त काळ त्या प्रोजेक्टमधे गुणी मदतनीस बनून वावरत होता. तो चोरदरवाजा अजून मोठ्या सर्व्हरांवर पसरायच्या आत पकडला गेला, फक्त एका माणसाला अर्धा सेकंद खटकला म्हणून. माझी कळकळीची विनंती आहे, टेक न्यूज वाचायची तर अशी वाच. कोण किती लोक काढणार, कुठलं नवीन मॉडेल कुणाला मागे टाकणार, ते वाचून नुसता जीव घाबरतो. काय मोडलं, का मोडलं, कुणाला कसं कळलं, हे शोधून वाच आणि घरातल्यांना समजेल अशा मराठीत वहीत लिहून ठेव. महिन्यात दोन पुरेत.

तर तुला काय करायचंय? तुझ्या घरी दीडशे कलमं आहेत. बाबांची फवारणीची वही असणारच, कुठल्या तारखेला कुठलं औषध, किती पाण्याला किती, कुठल्या कलमांना. नसेल तर डोक्यात असेल, ते तर अजून चांगलं. तिथून सुरू कर. कलमांना नंबर दे, फवारणीची नोंद ठेव, आणि तोडणीच्या किती दिवस आधी शेवटचं औषध मारलं हे एका दाबात दिसू दे, कारण माल बाहेर पाठवायचा असेल तर औषधाचा अंश किती राहिला हा पहिला प्रश्न असतो. नंतर मोसमात पेट्या आणि पट्ट्या. तुझ्या गावात पतसंस्था असेल, कुणाचा होमस्टे असेल, काजूचा कारखाना असेल, त्यांचं पण काहीतरी वहीत चाललेलं असतं, पण पहिलं घरचं कर, कारण बाबा रोज समोर असतात आणि चुकलं तर तोंडावर सांगतात. असा ग्राहक शहरातल्या मुलाला मिळत नाही.

ते लॅपटॉपवर ठेवू नकोस. महिन्याला काहीशे रुपयात एक छोटा लिनक्स सर्व्हर भाड्याने मिळतो, त्यावर ठेव. तो सर्व्हर तुला जे शिकवेल ते कुठलाच क्लास शिकवत नाही, परमिशन चुकणं, डिस्क भरणं, लॉग कुठे असतात ते न सापडणं, एक दिवस वेबसाइटच्या सर्टिफिकेटची मुदत संपणं. रोज बॅकअप घे. आणि इंटरव्ह्यूला मला ‘बॅकअप घेतो सर’ एवढंच सांगू नकोस, त्या बॅकअपमधून सगळं परत उभं करून बघितलंस का ते सांग. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कोड टाक, त्यात बाबांचा डेटा आणि पासवर्ड चुकूनही टाकू नकोस, आणि एक पान लिही, ‘काय मोडलं आणि काय केलं’. मी रेझ्युमेपेक्षा ते पान आधी उघडीन.

एआय वापरू का, तर खुशाल वापर. फक्त एक नियम कर, जी ओळ तुला समजावून सांगता येत नाही ती आत जाणार नाही. हल्ली इंटरव्ह्यूमधे आम्ही स्क्रीन शेअर करायला सांगतो, एआयने लिहिलेला कोड देतो आणि विचारतो यात चूक कुठे आहे. जो स्वतः वाचत आलाय त्याला दहा मिनिटांत सापडते.

बाकीचा पाया पटकन सांगतो. एसक्यूएल मनापासून कर, जॉइन, ग्रुप बाय, इंडेक्स का लावतात, ट्रान्झॅक्शन म्हंजे काय. भाषा एकच घे, पायथन किंवा जावा, पण नीट. लिनक्सची कमांड लाइन. ब्राउझरमधे पत्ता टाकल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय घडतं हे पाच मिनिटं बोलता आलं पाहिजे. गिट. ॲरे, हॅशमॅप, सॉर्टिंग इथपर्यंतचे प्रश्न रोज एक सोडव. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांमधे जायचं असेल तर ॲप्टिट्यूडला पर्याय नाही, टीसीएसच्या एनक्यूटी या भरतीच्या परीक्षेसारख्या परीक्षांमधे वेळेवर सगळा खेळ असतो, तिथे घड्याळ लावूनच सराव लागतो. हे सगळं शिकायला पैसे लागत नाहीत. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलची लेक्चर फुकट आहेत, हार्वर्डचा सीएस फिफ्टी हा कोर्स फुकट आहे. मग साठ हजार कशाचे? ‘जॉब गॅरंटी’चा कागद आधी मागून घे आणि वाच, बहुतेक ठिकाणी गॅरंटी म्हंजे ‘आम्ही अमुक इंटरव्ह्यू लावून देऊ’ एवढीच असते. एखाद्याला शिस्त लागावी म्हणून क्लास उपयोगी पडतो, मी नाही म्हणत नाही, पण घरात आंब्याच्या उचलीवर संसार चालतो तेव्हा साठ हजार ही फार मोठी रक्कम आहे रे.

फसवणुकीचं इथेच सांगून टाकतो कारण कोकणातली मुलं यात फार अडकतात, लांबून अर्ज करतात, ऑफिस बघितलेलं नसतं. नोकरी देण्यासाठी कुणीही पैसे मागितले, डिपॉझिट म्हणून, लॅपटॉपचे म्हणून, ट्रेनिंगचे म्हणून, तर तिथेच फोन ठेव. ऑफर लेटर साध्या जीमेलवरून आलं तर कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर काढून खात्री कर. मूळ मार्कशीट कुणाच्या ताब्यात देऊ नकोस. आणि ते ‘दोन वर्षांचा अनुभव लावून देतो’ म्हणणारे कन्सल्टंट असतात ना, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. पीएफचा यूएएन नंबर एकच असतो, त्यात तू कुठे कधी होतास ते दिसतं, पडताळणीत हे बाहेर येतं. माझ्या समोर एका चांगल्या हुशार मुलाची जॉइन झाल्यावर चौथ्या महिन्यात नोकरी गेली, रडत होता, मला काहीच करता आलं नाही. अजून आठवतं ते.

रेझ्युमे एक पान. वडिलांचं नाव, जन्मगाव, विवाहित-अविवाहित, शेवटी ते ‘वरील माहिती खरी आहे’ हे सगळं काढ. ज्या शब्दावर तू दहा मिनिटं बोलू शकत नाहीस तो शब्द काढ. वर तुझा प्रोजेक्ट, एका ओळीत कोण वापरतं, किती दिवस वापरतं. ‘वडील आणि शेजारचे तिघे, एक मोसम, अकराशे पेट्यांच्या नोंदी’ अशी ओळ असेल तर मी बाकी वाचायच्या आधी फोन करीन.

कॉलेजला कंपन्या येत नाहीत हे खरं आहे, त्यामुळे तुझा मार्ग ओळखीचा. याला वशिला समजू नकोस. पोर्टलवर एका जागेला हजारो अर्ज पडतात, तुझा उघडलाच जात नाही, आणि आतल्या माणसाने रेफर केलं की निदान कुणीतरी उघडून बघतो, एवढंच. पुढची परीक्षा तुलाच द्यायचीय. आपल्या गावांची एक गोष्ट मला फार आवडते, प्रत्येक वाडीचं मुंबईत कुणी ना कुणी असतं. गणपतीत आलेल्या चाकरमान्यांमधे ऐरोली-महापेला आयटीत असणारे दोघे-चौघे तुला नक्की भेटले असणार. त्यांना मेसेज कर, पण ‘दादा जॉब बघा ना’ असा नको, त्याला उत्तर काय देणार माणूस. लिही की मी अमुक वाडीचा, हे बनवलंय, ही लिंक, तुमच्या कंपनीच्या या या जागेसाठी अर्ज करतोय, जमलं तर रेफर कराल का, आणि प्रोजेक्टमधे काय चुकतंय ते सांगाल का. शेवटच्या प्रश्नाला लोक उत्तर देतातच. जाहिरात आली की पहिल्या दोन-तीन दिवसांत अर्ज. ॲप्रेंटिसशिपच्या जागा पण बघ, स्टायपेंड कमी असतो पण आत शिरायचं ते एक खरं दार आहे.

ऑनलाइन परीक्षेचं वेगळं सांगतो कारण हे पुण्याच्या मुलांना कळणारच नाही. जुलै-ऑगस्टमधे वारा सुटला की लाइट जाते, लाइट गेली की काही तासांनी टॉवरची बॅटरी पण बसते, आणि मग दोन सिम असून उपयोग नसतो. माझ्या पुतणीची एका मोठ्या कंपनीची टेस्ट अशीच मधेच तुटली, दहा मेल केले, परत संधी दिली नाही. त्यामुळे टेस्टची तारीख आली की आदल्या दिवशी रत्नागिरी शहरात नातेवाईकाकडे जाऊन बस, इन्व्हर्टर असलेल्या घरी, आणि तरी तुटली तर त्याच मिनिटाला स्क्रीनचा फोटो काढून मेल टाक.

इंग्रजीची भीती तू लिहिली नाहीस पण ती असणार. हळू बोल. वाक्य चुकलं तर चुकू दे, मी आजपर्यंत व्याकरणावर कुणाला नाकारलं नाही. नाकारलं ते माहीत नसताना ठोकून देणाऱ्याला. “मला माहीत नाही, पण मी असं शोधीन” हे वाक्य इंग्रजीत पाठ कर आणि खरोखर कसं शोधशील ते पुढे सांग. आणि तुझ्या प्रोजेक्टची गोष्ट रोज मोठ्याने इंग्रजीत बोल, कलमांना ऐकव हवं तर.

मिळाली नोकरी तर पगार किती? सर्व्हिस कंपन्यांचा सुरुवातीचा आकडा गेली दहा-बारा वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच अडकून पडलाय, टीसीएसच्या निन्जा या फ्रेशरच्या पदाचा तर ३.३६ लाख सगळ्यांना तोंडपाठ आहे. भाडं वाढलं, हा आकडा हलला नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. हातात वीस-पंचवीस हजार येतील, घणसोलीला चौघांत खोली घ्यावी लागेल. तरी जा. पहिली दोन-तीन वर्षं घरून काम नको, मिळालं तरी नको. मी जे शिकलो ते शेजारच्या टेबलावरच्या सिनियरच्या खांद्यावरून डोकावून शिकलो, ते व्हिडिओ कॉलवर होत नाही. बाँड असेल तर रक्कम आणि मुदत वाच, नोटीस पिरियड बऱ्याच ठिकाणी नव्वद दिवसांचा असतो हे डोक्यात ठेव.

परत यायचं का, हा पुढचा प्रश्न आहे पण बाबांना तो आजच पडलाय म्हणून लिहितो. येता येतं. तामिळनाडूत तेनकाशीजवळच्या मथलंपारै या गावात झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफिस आहे, तिचे संस्थापक श्रीधर वेंबू स्वतः तिकडे राहायला गेले, बारावी झालेल्या मुलांना घेऊन कंपनी स्टायपेंड देत शिकवते. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात असं कुणीतरी करावं ही माझी फार दिवसांची इच्छा आहे, मुलं तेवढीच हुशार आहेत आणि कोकण रेल्वे दारात आहे. तोवर एकेकट्याने यायचं, आणि त्यासाठी कंपनीला तुझ्यावर भरवसा हवा. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा माझी ऑन-कॉलची, म्हंजे काही मोडलं तर लगेच धावायची, पाळी होती. लाइट गेली, रेंज गेली, माड आडवे, रस्ता बंद, मी जगातून गायब. पण काय मोडलं तर काय करायचं हे मी पायरी पायरीने लिहून ठेवलं होतं, टीममधल्या दुसऱ्याने ते वाचून रात्र काढली. पाचव्या दिवशी रेंज आली तेव्हा मॅनेजरचा पहिला मेसेज होता, घर ठीक आहे ना. गावाहून काम करायला परवानगी पुढेही टिकली ती त्या लिहिलेल्या पानांमुळे.

तर आता तुझं वेळापत्रक. दिवाळीपर्यंत सर्व्हर घे आणि कलमांची यादी भर, सगळी दीडशे, बाबांना बरोबर घेऊन, प्रत्येक कलमाचं ते काय काय सांगतील ते पण लिहून घे. मोहोर यायच्या सुमाराची पहिली फवारणी तुझ्या ॲपमधे बाबांनी स्वतःच्या हाताने नोंदवली पाहिजे, तू शेजारी उभा राहून सांगायचं नाहीस, फक्त ते कुठे अडकतात ते बघायचं. वही बंद करायला सांगू नकोस, वही चालूच ठेव, दर रविवारी वही आणि ॲप ताडून बघ. जिथे जुळणार नाही त्याचा फोटो काढून मला पाठव, रेझ्युमे त्यानंतर बघू.